एनसीसी एअर विंगमधून ‘फुकटात पायलट’? मला तरी पटत नाही

गंगापूररोडवाला:
मुलगा अकरावी सायन्सला, डोक्यात फक्त पायलट. नाशकात वाढलेल्या पोराचं हे होणारच म्हणा, ओझरहून सुखोई उडालं की आमच्या गच्चीवर हातातलं काम टाकून वर बघत उभा. तर मागच्या आठवड्यात एका क्लासवाल्याने सेमिनारात सांगितलं की एनसीसी एअर विंगला घाला, सी सर्टिफिकेट, म्हणजे एनसीसीचं शेवटचं सर्टिफिकेट, मिळालं की अर्धा पायलट झालाच समजा आणि तेही फुकटात. झालं, आता पोरगा म्हणतो बारावीनंतर पुण्याला एअर विंग असलेल्या कॉलेजलाच जाणार. मला हे सगळं फुगवून सांगितलेलं वाटतं. सी सर्टिफिकेट म्हणजे काही लायसन नाही. एअरलाईनला जायचं तर डीजीसीएचं, म्हणजे सरकारच्या विमान खात्याचं, सीपीएल (कमर्शियल पायलट लायसन) लागतं, त्याला २०० तासांचं फ्लाईंग, त्यातले १०० तास पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन. तीन वर्षं परेड करून त्यातला एक तास तरी कमी होणारे का? त्यापेक्षा मेडिकल उरकावं आणि नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजीच्या पेपरांना बसावं. चुकत असेन तर सांगा, पण भांडू नका.

माजी_कॅडेट:
काका, तुम्ही दोन वेगळे रस्ते एकत्र करताय. एअर विंग एअरलाईनसाठी नाहीच, एअरफोर्ससाठी आहे. एअरफोर्सच्या फ्लाईंग ब्रांचला, म्हणजे पायलटच्या शाखेला, एनसीसी स्पेशल एंट्रीच्या १० टक्के जागा असतात, एअर विंगचं सी सर्टिफिकेट आणि ग्रॅज्युएशनला ६० टक्के असले की अॅफकॅटची, म्हणजे एअरफोर्सच्या भरतीची, लेखी परीक्षा द्यायचीच नाही, थेट एएफएसबी, म्हणजे एअरफोर्सचं निवड मंडळ. बाकीची पोरं वर्षवर्ष त्या लेखीच्या मागे लागलेली असतात. आणि अनुभव म्हणाल तर मी मायक्रोलाईटमध्ये, म्हणजे छोट्या हलक्या विमानात, बसलोय, व्हायरस एसडब्ल्यू-८०, स्लोव्हेनियाचं, दोन सीट शेजारी शेजारी. पहिल्यांदा स्टिक हातात आली तेव्हा इतकी आवळून धरली की सर म्हणाले, अरे अंडं धरल्यासारखी धर, फुटेल. ते कुठल्या क्लासमध्ये शिकवतात सांगा!

हिशोबी_माणूस:
भावा, खरं सांग, तीन वर्षांत किती सॉर्टी, म्हणजे उड्डाणं, मिळाल्या?

माजी_कॅडेट:
चार.

हिशोबी_माणूस:
आणि एकेक किती मिनिटांची? वीस-पंचवीस? म्हणजे जास्तीत जास्त शंभर मिनिटं झाली, तिकडे २०० तास. माझा पुतण्या पण असाच गेला होता, दुसऱ्या वर्षी विमान मेंटेनन्समध्ये आहे मेंटेनन्समध्ये आहे असं ऐकण्यातच सगळं वर्ष गेलं, त्याने एरोमॉडेलिंग केलं, ड्रिल केली, उन्हात उभा राहून काळा झाला आणि घरी आला. शिस्त लागली हे कबूल, पण शिस्तीला पायलट ट्रेनिंग का म्हणायचं? गंगापूररोडवाले, पोराला आधी धुळ्याला घेऊन जा, तिथे बॉम्बे फ्लाईंग क्लबचं ट्रेनिंग चालतं, शिरपूरलाही आहे. डोळ्यांनी बघू दे सकाळी सहाला हँगरपाशी काय चालतं ते. सोळा पूर्ण झाले की स्टुडंट लायसन काढता येतं, क्लास टू मेडिकल, म्हणजे पायलटसाठीची डॉक्टरी तपासणी, तर आधी कराच. डोळ्यात किंवा कानात काही निघालं तर आत्ता कळलेलं बरं, पन्नास लाखांच्या घरात खर्च केल्यावर नको.

टोरांटोची_मावशी:
इथे कॅनडात एअर कॅडेट्सला स्कॉलरशिपवर ग्लायडर पायलटचं खरं लायसन मिळतं आणि पुढे पॉवर पायलटचंही. निवड कडक असते, सगळ्यांना नाही मिळत, पण सतराव्या वर्षी पीपीएल (प्रायव्हेट पायलट लायसन) घेतलेली पोरं बघितलीत मी. कार चालवायला अजून आईला विचारतात आणि विमान एकटी उडवतात. आपल्याकडे तसं का नाही करत?

हिशोबी_माणूस:
मावशी, हेच तर म्हणतोय! कॅडेट प्रोग्राम म्हणायचा तर शेवटी हातात काहीतरी यायला नको का.

देवळाली_कॅम्प:
सगळं लायसनमध्येच मोजायचं का पण? ज्यांच्याकडे पन्नास लाख नाहीत त्यांचं काय? माझी मुलगी आर्मी विंगला आहे कारण तिच्या कॉलेजला तेवढंच होतं. तिला एअरफोर्सची ती एंट्री चालणार नाही, पण आर्मीची एनसीसी एंट्री आहे ना. आणि उडायचंच तर नाशिकच्या गांधीनगरला आर्मी एव्हिएशनचं स्कूल आपल्या दारात आहे, २०२२ मध्ये कॅप्टन अभिलाषा बराक यांना तिथेच विंग्ज, म्हणजे पायलटचा बॅज, मिळाल्या. त्या दिवसापासून चेतक हेलिकॉप्टर दिसलं की आमची पोरगी म्हणते ते माझं. मुलींसाठी सरकारची सैनिकी पूर्वतयारी संस्थाही नाशकातच सुरू झालीय. बापाच्या खिशात हात न घालता विमानापर्यंत पोचायचे रस्ते थोडेच आहेत, त्यातल्या एकाला कशाला नावं ठेवता.

हिशोबी_माणूस:
ताई, रस्त्याला नावं नाही ठेवत, जाहिरातीला ठेवतोय.

ओझरकर_रिटायर्ड:
ओझरच्या एचएएलमध्ये, विमानाच्या कारखान्यात, आयुष्य काढलं, मिग पण पाहिली आणि आता २०२५ च्या ऑक्टोबरात इथून तेजस उडालं तेही पाहिलं. दोघांचंही बरोबर आहे पण क्लासवाला एक गोष्ट सांगत नाही, ती मी सांगतो. लेखी माफ झाली तरी एएफएसबीत पायलटसाठी मशीनवरची जी टेस्ट असते, सीपीएसएस, ती आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालात की फ्लाईंग ब्रांच कायमची बंद, मग सी सर्टिफिकेट असो नाहीतर राष्ट्रपतींचं मेडल. त्यामुळे चार सॉर्टी कमी वाटतात ते सोडा, ती चार वेळची सवय त्या दिवशी हाताला उपयोगी पडते असं माझं मत. दुसरं म्हणजे उंची. १६२.५ सेंटिमीटर तर लागतेच, पण पायाची लांबीही मोजतात, कमीत कमी ९९. मांडी ६४ च्या वर चालत नाही. कॉकपिटमध्ये मावायला हवा ना माणूस. भिंतीला पाठ लावून बसवा, पाय सरळ करा आणि टाचेपर्यंत मोजा. हे आधी करा, पुण्याचं कॉलेज नंतर शोधा.

माजी_कॅडेट:
काकांना सॅल्यूट. मला हे तिसऱ्या वर्षी कळलं होतं.

गंगापूररोडवाला:
आत्ताच मोजला. बिचारा जेवण अर्धं टाकून भिंतीला बसला. ९७ भरले. बायको म्हणते शिलाईमशीनच्या खणातली ती टेप सैल झालीय, आणि पोरगा म्हणतोय अजून सोळाचाच आहे, वाढेल. उद्या स्टीलची टेप आणतो. धुळ्याला मात्र या रविवारी नेतो, क्लास टू मेडिकलचं नाशकात कुणाला माहिती असेल तर सांगा.