उपाशीपोटी ताक घेतलं तर इन्सुलिन किती सुटतं, हे लघवीच्या तपासणीतून कळेल का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आम्ही उदगीरकडचे. प्रश्न आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा आहे. वय 61. दिवाळीनंतर एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) 6.3 निघालं, तेव्हापासून त्यांनी लातूरच्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या पद्धतीनं दोन वेळचं जेवण धरलंय. खाल्लं की इन्सुलिन सुटतं, म्हणून दोनदाच खायचं, असं त्या पद्धतीचं म्हणणं. सकाळी 10 आणि संध्याकाळी 7, दोन्ही वेळा 55 मिनिटांच्या आत. मधे फक्त दुपारी शेतातून आल्यावर तांब्याभर पातळ ताक.

घरात वाद या ताकाचाच आहे. बहीण म्हणते, ताकातल्या लॅक्टोजनं (दुधातल्या साखरेनं) आणि प्रथिनांनी इन्सुलिन सुटतंच, मग उपवास कसला? आई म्हणते, उन्हातून आलेल्या माणसाचं ताक तोडू नका. आप्पांनी परवापासून ताक सोडलंय. पारा 41 वर, त्यात दुपारचं रानातलं काम. मला याची खरंच काळजी वाटते, म्हणून एकदा मोजून बघायचं ठरवलंय.

दर अर्ध्या तासाला रक्त द्यायला आप्पा तयार नाहीत. लघवी द्यायला तयार आहेत. लघवीत इन्सुलिन मोजून उपयोग नाही, एवढं मला समजलंय. स्वादुपिंडातून निघालेल्या इन्सुलिनपैकी निम्म्याच्या आसपास यकृतच पहिल्या फेरीत काढून घेतं. पण प्रोइन्सुलिन (ज्यातून इन्सुलिन बनतं तो मूळ रेणू) तुटताना इन्सुलिनच्या प्रत्येक रेणूबरोबर सी-पेप्टाइडचा एक रेणू सुटतो. तो यकृतात अडकत नाही, आणि त्यातला थोडा भाग मूत्रपिंडातून जसाच्या तसा लघवीत उतरतो. लघवी पातळ असो की दाट, हिशेब चुकू नये म्हणून त्याला क्रिएटिनिननं (स्नायूंतून साधारण एकाच गतीनं निघून लघवीत उतरणारा टाकाऊ पदार्थ) भागतात. उन्हाळ्यात कधी दोन तांबे पाणी, कधी चार, त्यामुळे हे भागणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

माझा बेत असा. दोन दिवस सकाळचं जेवण अगदी सारखं. दुपारी 1 ला लघवी करून टाकून द्यायची. मग एक दिवस ताक, दुसऱ्या दिवशी तेवढंच पाणी, आणि 4 पर्यंतची सगळी लघवी एका भांड्यात. दोन्हींचं सी-पेप्टाइड-क्रिएटिनिन गुणोत्तर ताडून पाहायचं.

अडचण आता दिसतेय. 10 च्या जेवणाचं सी-पेप्टाइड 1 वाजता उतरणीला लागलेलं असलं तरी संपलेलं नसणार. ताकाची छोटी भर त्यात बुडून जाईल का? ताक 3 ला द्यावं का? की एखाद्या दिवशी सकाळचं जेवणच पुढे ढकलून रात्रभराच्या उपवासावर ताक द्यावं? तालुक्याच्या लॅबमधला माणूस 24 तासांचीच लघवी मागतोय, पण त्यात दोन्ही जेवणं येणार, मग ताकाचं काय कळणार?

दुसरं, नमुना बाहेरगावी जातो. तोवर तो टिकावा म्हणून बोरिक ॲसिड घातलेली बाटली लागते असं वाचलंय. ती कोणी वापरली आहे का? या उन्हात नुसता बर्फ पुरेल का?

(कीटोनच्या पट्ट्या सुचवू नका, कृपया. आप्पांनी आणल्या होत्या, जांभळा रंग आला की "इन्सुलिन बंद" म्हणून खूश व्हायचे. ती पट्टी ॲसिटोॲसिटेट (चरबी जळताना तयार होणारं एक कीटोन) दाखवते, इन्सुलिन नाही. आणि उपाशीपोटीही निरोगी शरीरात इन्सुलिन थोडं थोडं स्रवत राहतंच, ते खरंच बंद पडलं तर जिवावर बेतेल. हे त्यांना समजावताना दोन संध्याकाळी गेल्या.)

भर: खाली दोघांनी विचारलंय म्हणून. आप्पांना साखरेची कुठलीच गोळी नाही, इन्सुलिनचं इंजेक्शन नाही. रक्तातलं क्रिएटिनिन 0.9, म्हणजे मूत्रपिंडामुळे आकडा बिघडू नये असं वाटतं. चुकत असेन तर सांगा.

तपासणी व्हायला आठवडा तरी जाईल. तोवर त्यांना चिमूटभर मीठ घालून ताक सुरू करायला लावतोय. कोणाला यात धोका दिसत असेल तर आजच लिहा.