पिकअप घरच्या वापराला घ्यावा का? ठाणे-नवी मुंबईकरांनो, अनुभव सांगा

मंडळी, राहायला मी कासारवडवलीला, ऑफिस महापेला आणि वडिलोपार्जित शेत मुरबाडच्या पुढे टोकावड्याजवळ. आठवड्याचे पाच दिवस घोडबंदर रोड, माजिवडा, कळवा नाका, ठाणे-बेलापूर रोड. महिन्यातले दोन रविवार शेतावर. डांबरी संपली की पुढे दीड किलोमीटर मातीचा रस्ता आहे. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत माझी सेडान तिथे पाऊल टाकत नाही. शाळेजवळ लावायची आणि खताची गोणी खांद्यावर मारून चालायचं. आता पन्नाशी आली. खांदा बोलायला लागलाय.

म्हणून पिकअप डोक्यात आहे. मागे हौदा, पुढे पाच माणसांची केबिन, फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर. टाटाची झेनॉन, महिंद्राची गेटअवे आता जुन्या बाजारातच. नव्यात घरच्या वापरासाठी नाव घ्यावं अशा दोनच: २०१६ मध्ये आलेली इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस आणि २०२२ ची टोयोटा हायलक्स. दोन्ही सव्वापाच मीटरपेक्षा लांब, दोन्ही चेसीवरच्या, म्हणजे ट्रकसारख्या वेगळ्या लोखंडी सांगाड्यावर बसवलेल्या, दोन्हींना मागे पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा.

गेल्या रविवारी टेस्ट ड्राइव्ह घेतली. स्टिअरिंगमागे बसलो आणि सगळा घोडबंदर रोड माझ्या नावावर झाल्यासारखं वाटलं. मागे आई होती. दुसऱ्या स्पीडब्रेकरला म्हणाली, "अरे, मला मागे भाजीसारखं का टाकलंस?"

तर ज्यांनी रोज वापरलाय त्यांनी लिहा. एकच विनंती: तक्रार करताना कंपनीचं नाव नको. मागच्या गाड्यांच्या धाग्याचं शेवटी काय झालं ते सगळ्यांना आठवत असेलच.

खारघरचा_चालक

पाच वर्षं, ७८ हजार किलोमीटर. आईंचं बरोबर आहे, पण गाडीचीही बाजू ऐका. पाटे हौद्यात माल येणार हे गृहीत धरून बसवलेले असतात. गाडी रिकामी असली की ते वाकायला तयारच नसतात, मग खड्डा पाट्यात न मुरता थेट माणसाच्या मणक्यात मुरतो. पुढची चाकं मात्र स्वतंत्र हलतात, त्यांना गुंडाळीच्या स्प्रिंगा. म्हणून चालवणारा खूश, मागचे नाखूश. वाशीच्या खाडीपुलावर दर सांध्याला मागचा भाग टुणकन उडायचा, आणि मुलगी मोजायची.

पहिला उपाय फुकटचा आहे. दरवाज्याच्या खांबावरचं हवेचं स्टिकर वाचा. त्यावर रिकाम्या गाडीची हवा वेगळी आणि भरलेल्या गाडीची वेगळी असते. पंपावरचा पोरगा आठ महिने माझ्या मागच्या चाकांत मालाची हवा भरत होता आणि मी त्याला वर दहा रुपये देत होतो. ती उतरवली आणि निम्मी तक्रार गेली.

दुसरा उपाय वजन. तीस किलोच्या चार रेतीच्या गोण्या केबिनला चिकटून बांधल्या. फरक लगेच कळला. पण हौदा उघडा. पहिल्या पावसाळ्यात गोण्या कुजल्या, रेतीने पाणी जायची भोकं बुजवली, हौद्याचं तळं झालं आणि जुलैअखेर त्यात चक्क टाकळा उगवला. भाजी करून खाल्ली नाही एवढंच. आता पाण्याचे चार मोठे कॅन पट्ट्याने बांधून ठेवतो. माल भरायचा असेल तर पाणी झाडांना घालायचं आणि निघायचं.

सेक्टर_अठ्ठावीस_नेरूळ

मी चालवत नाही, मी मागे बसते. म्हणजे या धाग्यावर खरं तर माझाच अधिकार.

धक्क्यांबद्दल सगळे बोलतील. पाठीबद्दल कुणी बोलत नाही. मागच्या सीटची पाठ सरळसोट उभी असते, कारण तिच्यामागे लगेच केबिनची भिंत. जरा रेलून बसावं म्हटलं तर सोय नाही. नेरूळ ते पुणे एसटीतल्या कंडक्टरसारखं ताठ बसून जायचं. बघायला जाल तेव्हा पाच मिनिटं नाही, चाळीस मिनिटं मागे बसा. आणि पुरुषांनी बसा. शोरूममध्ये आमचे हे पुढे बसून स्क्रीन दाबत होते.

दुसरं, चढणं. सासूबाई पंच्याहत्तरीच्या, नऊवारी नाही पण साडी कायम. पहिल्या दिवशी त्या गाडीपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "याला शिडी कुठाय?" बाजूच्या पायऱ्या बसवून घेतल्या. त्या गोल नळीच्या होत्या, पावसात चप्पल सटकायची. त्या काढून रुंद, खरखरीत पायऱ्या लावल्या. आत खांबाला पकडायला मूठ आहे का हेही बघा. आमच्या गाडीत मागे ती आहे, पण बुटक्या माणसाचा हात पोचत नाही. म्हणून एक लाकडी स्टूल कायम गाडीत असतं. सिग्नलला कुणाला उतरवायचं तर आधी स्टूल, मग मी, मग सासूबाई. तोवर मागचा रिक्षावाला हॉर्नवर झोपलेला.

शेवटी त्यांनी पुढची सीट घेतली ती घेतलीच. उंचीवरून पाम बीचला कठड्यापलीकडची खाडी दिसते, फ्लेमिंगोच्या दिवसांत तर त्या "हळू चालव" म्हणून मुलालाच दटावतात. ती सीट त्यांनी आजवर एकदाच सोडली, पेणहून गणपती आणताना. हौद्यात मूर्ती ठेवायची कुणाची छाती? बाप्पा पुढे, सासूबाई मागे माझ्या शेजारी. आणि यांनी पेणपासून नेरूळपर्यंत गाडी तीसच्या वर नेली नाही. मूर्तीला धक्का लागू नये म्हणून! आम्हाला रोज लागतो त्याचं काय?

चिखल्या

धागाकर्ते, तुमच्या दीड किलोमीटरबद्दल बोलतो. पिकअप चिखलात सुपरमॅन असतो हा गैरसमज आधी काढा. हौदा रिकामा म्हणजे मागच्या चाकांवर वजन नाही, आणि साध्या टू व्हील ड्राइव्हमध्ये जोर जातो तो मागच्याच चाकांना. आमच्या शहापूरकडच्या फार्मवर साध्या ओल्या गवतावर मी जागच्या जागी चाकं फिरवलीत आणि शेजारची जुनी अल्टो बाजूने निघून गेली. फोर हायला टाकलं, म्हणजे चारही चाकांना जोर दिला, की चित्र पालटतं. फोर लोमध्ये, म्हणजे चारही चाकांना जोर पण वेग अगदी कमी, तर पाय क्लचवरून, ब्रेकवरून काढा, गाडी मुंगीच्या पावलाने चढ चढते. तुमच्या रस्त्याला हे भरपूर झालं.

खडकात मात्र लांबी नडते. थारच्या दोन चाकांतलं अंतर २४५० मिलिमीटर, या पिकअपचं ३०८० च्या पुढे. बांध ओलांडताना थार निघून जाते आणि आपलं पोट टेकतं. मागचा लटकता भाग तर ओढा चढताना हमखास घासतो. माझा बंपर बघा, नकाशा झालाय.

एक चूक सांगतो, हसू नका. अलिबागकडच्या एका किनाऱ्यावर मित्रांना दाखवायला वाळूत घातली. मनाई आहे, माहीत होतं, तरी. टायरची हवा अठरावर आणायला हवी होती, आणली नाही. गाडी अॅक्सलपर्यंत बसली आणि भरतीला सुरुवात. शेवटी एका कोळी दादांनी ट्रॅक्टरचं टोचन लावलं. पैसे घेतले नाहीत, बोलले मात्र भरपूर. खाऱ्या पाण्याने चेसीला जो गंज धरला तो आजही खरवडतोय.

पाण्याचंही तसंच. हायलक्सच्या कॅटलॉगात ७०० मिलिमीटर पाण्यातून जाते असं आहे, पण तो आकडा पुरासाठी नसतो. २७ जुलै २०१९ ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, त्या सकाळी मी बदलापूरला मावशीकडे निघालो होतो, "आपली फोर बाय फोर आहे" म्हणत. अंबरनाथच्या पुढे रस्त्यावरून पाणी आडवं धावताना पाहिलं आणि गाडी मुकाट वळवली. खाली रस्ता शिल्लक आहे की वाहून गेलाय, हे फोर बाय फोरला कळत नाही.

टायर: नक्षीदार मड टेरेन हौसेने घातले होते. चिखलात झकास. ठाणे-बेलापूर रोडवर मात्र पीठगिरणीत बसल्यासारखं वाटायचं आणि मायलेज दोनने पडलं. वर्षभरात विकून ऑल टेरेन, म्हणजे डांबरी आणि माती दोन्हीला चालणारे, घेतले. आणि कोरड्या डांबरीवर फोर हाय लावून फिरू नका. वळताना पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळं अंतर कापायचं असतं, या सिस्टिममध्ये ते जमत नाही, ताण गिअरच्या पेटाऱ्यावर येतो.

नौपाड्याची_गल्ली

थोडक्यात. सोसायटीतली पार्किंगची खूण पाच मीटरची, गाडी ५.३. शेपूट कायम पॅसेजमध्ये. सेक्रेटरींची तीन पत्रं आली. राम मारुती रोडवरून आत वळताना एका दमात कधीच वळली नाही, मागे-पुढे, मागे-पुढे, तोवर वडापाववाला गिऱ्हाइकं सोडून आपल्यालाच दिशा दाखवतो. मेकॅनिकल पार्किंगवाल्या इमारतीत राहत असाल तर गाडीआधी पार्किंगची उंची, लांबी आणि वजनाची पाटी वाचा.

तुर्भे_मार्केट

आपला भाजीचा धंदा. पंधरा वर्षं पिवळ्या पाटीचे पिकअप चालवतोय. तुम्हा लोकांची चर्चा वाचून मजा वाटली. आमच्यात पिकअप आरामात कधी चालतो? एक टन कांदा भरला की. पहाटे ओतूरहून माल घेऊन माळशेज उतरताना पाळण्यासारखा येतो, आणि रिकामा परत जाताना चहाचा ग्लास धरवत नाही.

एक गोष्ट करू नका. माझ्या मेहुण्याने आपल्या घरच्या पिकअपचा एकेक पाटा काढवून घेतला, मऊ चालावा म्हणून. चालला मऊ, महिनाभर. मग घराच्या कामाला विटा भरल्या आणि मागून गाडी बसली, टायर मडगार्डला घासून धूर. वर पासिंगचा, इन्शुरन्सचा घोळ वेगळा. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आहे, कंपनीने दिलेल्या रचनेत मनाने बदल चालत नाही.

आणि शेतावर पोरं म्हणतील आम्ही हौद्यात बसतो. बसवू नका. दहा किलोमीटरच्या वेगातही माणूस उडतो, मी पाहिलाय.

डावा_गुडघा

घोडबंदरकर बंधू, तुमच्याच रस्त्यावरचा आहे, पातलीपाडा. माझी मॅन्युअल. गायमुखला रांग लागली की दीड तास पहिला-दुसरा, पहिला-दुसरा. क्लच असा की डाव्या पायाची वेगळी तालीम होते. घ्यायची तर ऑटोमॅटिक घ्या, पैसे जास्त गेले तरी.

दुसरी गोष्ट शोरूममध्ये कुणी सांगितली नाही. बीएस ६ (प्रदूषणाचे नवे नियम) डिझेल गाडीला धुरातली काजळी धरणारी जाळी असते, डीपीएफ. ती काजळी गाडी सलग वेगात चालली, धूर तापला की आपोआप जळते. आमच्या रस्त्यावर सलग वेग कुठून आणायचा? पाच दिवस रांगेत रखडलं की डॅशबोर्डवर दिवा. दुर्लक्ष केलंत तर गाडी जोर काढून घेते आणि वर्कशॉपचं तोंड दाखवते. मी काय करतो, दिवा लागला की रात्री साडेदहानंतर नाशिक हायवेला पडघ्यापर्यंत जाऊन येतो. बायकोला सुरुवातीला संशय आला होता. आता तीही येते, येताना कुल्फी खातो. तुमचं टोकावडं महिन्यातून दोनदा आहे, तुम्हाला हा त्रास कमी होईल.

माजी_पिकअपवाला (ऐरोली)

चार वर्षं वापरून विकला. बाबांचं मणक्याचं ऑपरेशन झालं, मग प्रश्नच उरला नाही. त्याच जातीची, चेसीवरची, फोर बाय फोर पण मागे गुंडाळीच्या स्प्रिंगा असलेली एसयूव्ही घेतली. फॉर्च्युनर आणि हायलक्स एकाच घराण्यातल्या, पण एकीला मागे स्प्रिंगा, दुसरीला पाटे. मागे बसून बघा, दोन वेगळी कुळं वाटतील.

चिखलात मला फारसा फरक जाणवला नाही. फरक पडला तो घाण सामानाचा. पिकअपमध्ये शेणखत, ओले दोर, सायकली, चुलतभावाचा फ्रिज, काहीही हौद्यात फेकायचो आणि घरी येऊन पाइपने धुवायचो. आता खताची गोणी आत ठेवली की आठवडाभर ऑफिसला जाताना खताचा वास. पण हेही सांगतो: पावसाळ्यात हौद्यातल्या बॅगा ताडपत्री बांधूनही भिजल्यात, आणि सिग्नलला थांबलं की कुणी काही उचलेल म्हणून मान कायम मागे.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. दोनदा वाचलं, मग आईला वाचून दाखवलं. नेरूळच्या ताईंचा प्रतिसाद तिने परत वाचायला लावला.

पार्किंग टेपने मोजलं. ५.४ भरलं, म्हणजे बोटभर जागा उरते, पण शेजारच्या काकांच्या स्कूटरला सरकावं लागेल. त्यांच्याशी बोलणी चालू आहेत. महापेला मी आठवड्यातून दोन दिवस ट्रान्सहार्बर लोकलने जाऊ शकतो, हे इतकी वर्षं का सुचलं नाही कोण जाणे. कासारवडवलीहून स्टेशन गाठणं हीच काय ती कसरत.

खारघरच्या दादांनी रविवारी त्यांची गाडी दाखवायचं कबूल केलंय. एकदा कॅन भरून, एकदा रिकामे करून, तोच रस्ता दोनदा फिरणार. मागे मी बसणार आहे, चाळीस मिनिटं, घड्याळ लावून. आईने पुढची सीट आत्ताच सांगून ठेवली आहे.

खारघरचा_चालक

या. दहाच्या आत या, नंतर उत्सव चौकात गर्दी होते. आणि नाश्ता करून येऊ नका, घरी केलाय म्हणून नाही, मागे बसणार आहात म्हणून.