कार्बन रोड बाइकवर हात बधिर होतात: स्टेम बदलावा का?

मुलुंड_पहाट

नमस्कार. माझे वय ४६, उंची १६८ सेंटिमीटर आणि वजन ७२ किलो आहे. यंदा मी एक वापरलेली, पण सुस्थितीतली कार्बन रोड बाइक घेतली. फ्रेमचा आकार ५४, रिम ब्रेक (चाकाच्या कडेला पकडणारे), २५ मिलिमीटरचे टायर आणि १०० मिलिमीटरचा स्टेम (हँडलबारला सायकलशी जोडणारा आखूड दांडा). रविवारी पहाटे पूर्व द्रुतगती मार्गाने सायनपर्यंत आणि पुढे डॉ. आंबेडकर मार्गाने मरीन ड्राइव्हला जातो. तासाभरातच दोन्ही हातांची करंगळी आणि अनामिका बधिर होऊ लागतात व परतताना मान आखडते. पेव्हर ब्लॉक आणि उड्डाणपुलांचे सांधे तर थेट तळव्यांत जाणवतात. कार्बन धक्के शोषून घेतो असे ऐकून ही सायकल घेतली होती, म्हणून मन खट्टू झाले आहे. दुकानदारांनी ७० मिलिमीटरचा स्टेम लावण्याचा सल्ला दिला आहे. तो योग्य आहे का? माझी इनसीम (जांघेपासून जमिनीपर्यंतची पायाची आतली लांबी) ७८ सेंटिमीटर आहे. बॉटम ब्रॅकेटच्या (पॅडलचे दांडे ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या) मध्यापासून सॅडलच्या, म्हणजे बैठकीच्या, माथ्यापर्यंतचे अंतर ७१ सेंटिमीटर भरले. टायरमधली हवा ११० पीएसआय (दाबाचे एकक) ठेवतो.

माटुंगा_चाक

आपण मापे दिलीत, त्यामुळे नेमके बोलता येते. स्टेमला एवढ्यात हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दुखते हातांत, पण कारण बहुधा सॅडलमध्ये आहे. अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँड यांच्यामुळे प्रचलित झालेल्या सूत्रानुसार इनसीमला ०.८८३ ने गुणले की सॅडलच्या उंचीचा आरंभबिंदू मिळतो. आपल्या बाबतीत तो सुमारे ६८.९ सेंटिमीटर येतो, म्हणजे आपली सॅडल दोन सेंटिमीटरने उंच असावी. सॅडल इतकी उंच असली की पॅडल खाली जाताना पाय पुरत नाही, कंबर डावी-उजवीकडे डोलू लागते आणि शरीराचा भार नकळत हातांवर सरकतो. शिवाय सॅडल उंचावली की हँडलबार तेवढाच खाली गेल्यासारखा होतो. समोर पाहण्यासाठी मान अधिक वर उचलावी लागते आणि ती आखडते. हे सूत्र अंतिम मानू नये. पॅडल तळाशी असताना गुडघ्याचा वाक (पाय पूर्ण सरळ असताना शून्य धरून) २५ ते ३५ अंशांच्या दरम्यान आहे ना, हे कोणाकडून तरी बाजूने चित्रफीत काढून घेऊन तपासावे. उंची एकदम न बदलता पाच-पाच मिलिमीटरने उतरवावी आणि प्रत्येक बदलानंतर एखादी फेरी मारावी.

त्यानंतर सॅडलचा कल पाहावा. नाक खाली झुकलेले असेल तर माणूस सतत पुढे घसरतो आणि स्वतःला हातांनी मागे रेटत राहतो, म्हणून स्पिरिट लेव्हल ठेवून सॅडल आधी समतल करावी. मग पुढे-मागे. क्रँक (पॅडलचा दांडा) आडवी धरून गुडघ्याच्या वाटीखालच्या उंचवट्यापासून ओळंबा सोडावा. तो पॅडलच्या आसाजवळ पडला तर सुरुवातीला पुरे. सॅडल फार पुढे असेल तर मात्र हातांवरचा भार कधीच कमी होत नाही, मग स्टेम कितीही आखूड करा. सर्वांच्याच शरीराचे माप एका ओळंब्यात बसत नाही, हे मला मान्य आहे. तरीही घरी करण्याजोगी याहून सोपी कसोटी मला माहीत नाही.

एवढे केल्यावरही हँडलबार लांब वाटला, तर आधी स्टेम उलटा करून पाहावा. सहा अंशांचा १०० मिलिमीटरचा स्टेम उलटला की हँडलबार सुमारे २० मिलिमीटर वर येतो आणि थोडा जवळही येतो. त्यासाठी पैसेही लागत नाहीत. पुढे गरज पडल्यास ९० किंवा ८० चा स्टेम घ्यावा. एकदम ७० वर गेल्यास सायकल वळवताना चंचल वाटू शकते, आणि रिक्षा व बसच्या गर्दीतून जाणाऱ्याला ते सोयीचे नाही.

करंगळी आणि अनामिकेचा बधिरपणा तळव्याच्या बाहेरच्या कडेने जाणाऱ्या अल्नर नसेवर दाब आल्याने होतो. हूडवर (ब्रेकच्या मुठींवरच्या रबरी आवरणावर) मनगट वाकवून टेकू नये, कोपरे किंचित सैल ठेवावीत आणि हातांची जागा वारंवार बदलावी. सायकलवरून उतरल्यानंतरही बधिरपणा टिकत असेल किंवा पकड कमजोर वाटत असेल, तर सायकल बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवावे.

घोडबंदर_घाट

वरील विवेचनाशी मी पूर्ण सहमत आहे. फक्त हवेविषयी लिहितो. आपल्या वजनाला २५ मिलिमीटरच्या टायरमध्ये ११० पीएसआय फार होते. पुढे ७५ ते ८० आणि मागे ८० ते ८५ ठेवून पाहावे. टायरच्या कडेवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, शिफारस नव्हे. कार्बन फ्रेम बनवणारे नळ्यांची जाडी आणि थर ठरवून तिला हवी तशी ताठ किंवा लवचीक करतात. त्यामुळे केवळ कार्बन आहे म्हणून खड्डे मऊ लागतील ही अपेक्षा चुकीची ठरते. आपल्या रस्त्यांवर खरा दिलासा टायर देतो. जागा असेल तर २८ मिलिमीटरचे टायर अवश्य घ्यावेत, परंतु आधी ब्रेक, फोर्क (पुढचे चाक धरणारा चिमटा) आणि मागच्या नळ्यांपासून टायरला प्रत्येक बाजूने चारेक मिलिमीटर मोकळीक राहते का, ते मोजावे. जुन्या रिम ब्रेकच्या फ्रेममध्ये ती बऱ्याचदा राहत नाही. हवा अति कमी केली तर खड्ड्याच्या कडेवर ट्यूब चिमटून पंक्चर होते, हेही ध्यानात असू द्यावे.

मुलुंड_पहाट

दोघांचेही मनःपूर्वक आभार. हवा उतरवल्यावर फरक लगेच जाणवला. सॅडलचे नाक खरोखरच खाली होते; ते समतल केले. मात्र उंची कमी करायला गेलो तर सीटपोस्ट (सॅडलखालचा दांडा) हलतच नाही. पोस्ट अॅल्युमिनियमची आहे. जोर लावून फिरवावी का?

माटुंगा_चाक

कृपया जोर लावू नका. अॅल्युमिनियम आणि कार्बन एकमेकांना चिकटून असताना मध्ये खारट ओलावा शिरला की अॅल्युमिनियम गंजते आणि तो गंज फुगून पोस्ट घट्ट धरून ठेवतो. समुद्राची हवा, घाम आणि चार महिन्यांचा पाऊस असल्यामुळे मुंबईत हे वारंवार दिसते. सॅडलचा दांड्यासारखा उपयोग करून पिरगाळल्यास सीट ट्यूबला (पोस्ट ज्यात बसते त्या फ्रेमच्या नळीला) तडा जाऊ शकतो आणि मग फ्रेमच निकामी होते. क्लॅम्प (पोस्ट आवळणारे कडे) पूर्ण काढून ठेवावा, सांध्यावर भेदक तेल सोडून ते रात्रभर मुरू द्यावे आणि दुसऱ्या दिवशी हलक्या हाताने प्रयत्न करावा. उष्णता अजिबात देऊ नये, कारण कार्बनमधला राळेचा भाग तिने बिघडतो. तरीही पोस्ट निघाली नाही तर कार्बन फ्रेम हाताळण्याचा अनुभव असलेल्या मेकॅनिककडेच सायकल द्यावी.

पोस्ट निघाल्यावर आतला भाग कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसून कार्बन पेस्ट (पोस्ट घसरू न देणारा खरखरीत लेप) लावावी. साधे ग्रीस नको, त्याने पोस्ट घसरते आणि लोक बोल्ट अधिकच आवळतात. बोल्ट टॉर्क रेंचनेच (किती जोर लागतो ते दाखवणाऱ्या पान्यानेच) आवळावा आणि फ्रेमवर किंवा क्लॅम्पवर छापलेला न्यूटन-मीटरचा आकडा ओलांडू नये. नव्या उंचीची खूण म्हणून पोस्टवर चिकटपट्टीचा तुकडा लावावा. पावसाळा संपला की पोस्ट एकदा बाहेर काढून पुसावी आणि पेस्ट पुन्हा लावावी.