'शुद्धलेखन वाढवा, आपोआप वाचेल' : मास्तरांच्या सल्ल्याला माझं उत्तर

आमोण्याची सून
परवा इथे 'सत्तरीचा मास्तर' यांनी लिहिलं ते अजून डोक्यातून जात नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: डिस्लेक्सिया, म्हणजे हुशार मुलालाही वाचायला न जमणं, हे शहरातल्या पालकांनी काढलेलं खूळ आहे, मूल आळशी असतं आणि आई लाड करते. रोज पाच पानं शुद्धलेखन काढून घ्या, बाराखडी घोकून घ्या, मूल आपोआप वाचायला लागतं. खाली 'अगदी बरोबर' म्हणणाऱ्यांची रांग लागली आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

माझा मुलगा चौथीत आहे, मराठी माध्यमात. बाराखडी त्याला सुरात पाठ आहे. पण मधलंच 'कु' दाखवलं की तो 'क, का, कि, की' म्हणत तिथपर्यंत येतो, मग 'कु' म्हणतो. म्हणजे घोकून त्याला चाल आली, अक्षर आलं नाही. शुद्धलेखनाचंही तेच. फळ्यावरचं तो हुबेहूब उतरवतो, अक्षर सुंदर आहे, वहीवर 'छान' असा शेरा आहे. तीच वही त्याच्यापुढे धरून वाच म्हटलं तर त्याला येत नाही. चित्र काढल्यासारखं उतरवलेलं असतं ते.

आणि आळशी? चवथीला गणपतीच्या वर रानातल्या फळाफुलांची माटोळी बांधताना कांगलां कुठली, घागऱ्यो कुठल्या, कुठल्या डोंगरावर काय मिळतं, हे हा मुलगा मोठ्यांना सांगतो. आरत्या सगळ्या पाठ. आरतीचं पुस्तक हातात दिलं तर मात्र घामाघूम होतो.

डिस्लेक्सियात डोळे ठीक असतात, बुद्धीही ठीक असते. अडतं ते ऐकलेल्या शब्दातले आवाज सुटे करण्यात आणि ते झटकन अक्षराशी जोडण्यात. ते शिकवावं लागतं, एकेक आवाज घेऊन, ठरलेल्या क्रमाने. शंभर पानं उतरवून ते होत नाही, कारण उतरवताना आवाज लागतच नाही. तुमच्या सल्ल्यावर एखाद्या आईने विश्वास ठेवला तर तिच्या मुलाची दोन-तीन वर्षं फुकट जातील. मला राग त्याचा आहे.

सत्तरीचा मास्तर
ताई, तुमचं दुःख मी नाकारत नाही. पण मी आयुष्यभर सरकारी प्राथमिक शाळेत शिकवलं. एका खोलीत पहिली ते चौथी, एक मास्तर. त्यात निवडणुकीचं काम, जनगणना, माध्यान्ह आहाराचा हिशोब. या सगळ्यातून माझी मुलं वाचायला शिकली ती घोकंपट्टीनेच. तुम्ही एका मुलाला मांडीवर घेऊन शिकवता. मी तीस जणांना एकेक आवाज सुटा करून कधी शिकवणार होतो? घरात खतपत्र वाचता न येणारे बाप होते, त्यांची मुलं आज कारकून झाली.

आमोण्याची सून
आणि जी झाली नाहीत ती? चौथीत शाळा सोडून खाणीवरच्या ट्रकवर क्लीनर म्हणून गेली ती? तुमच्या वर्गात अशी मुलं नव्हतीच का? एका खोलीत चार वर्ग हा तुमच्यावर अन्याय होता, मान्य. पण त्या अन्यायाला पद्धत म्हणू नका.

रात्रपाळी
मी स्वतः असा आहे. वेर्ण्याला कंपनीत मशीनवर काम करतो, चांगलं करतो. नववीत सोडलं. वर्गात उभं करून धडा वाचायला लावायचे, मी आधी मोजून ठेवायचो की माझ्या वाट्याला कुठला परिच्छेद येणार, आणि तो शेजाऱ्याकडून ऐकून पाठ करायचो. मध्येच एक मुलगा गैरहजर निघाला की माझा परिच्छेद बदलायचा. मग छडी. आता माझी मुलगी दुसरीत आहे आणि तिचंही तेच दिसतंय. हे घराण्यात उतरतं असं डॉक्टरांनी सांगितलं. मास्तर, मी तुमच्यासारख्याच एका मास्तरांच्या हातचा आहे. ते वाईट नव्हते. पण मला अजून सहकारी पतपेढीचा फॉर्म भरायचा म्हटलं की पोटात गोळा येतो.

मडगावचा बाप
दोन गोष्टी. एक, आमच्या ओळखीत एकाला रंगीत काचांचा चष्मा दिलाय, डोळ्यांचे व्यायामही देतात, फरक पडतो म्हणतात. दुसरं, ताई, मुलाला मराठीत का ठेवलंत? वेलांट्या, उकार, रफार, जोडाक्षरं, मुलाचं डोकं फिरणारच. इंग्रजीत सव्वीस अक्षरं, संपलं.

आमोण्याची सून
चष्म्याचं आधी. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये एकत्र निवेदन काढलं होतं: रंगीत काचा आणि डोळ्यांचे व्यायाम यांनी डिस्लेक्सिया सुधारतो याला पुरावा नाही. नंबर असेल तर साधा चष्मा लावा. पैसे शिकवणाऱ्यावर खर्च करा.

इंग्रजीत सव्वीस अक्षरं आहेत, पण आवाज चव्वेचाळीसच्या आसपास. 'कॅट', 'केक' आणि 'कार' यांत मधलं अक्षर एकच, उच्चार तीन. मराठीत 'का' सगळीकडे 'का'च. अशा लिपीत डिस्लेक्सियाचं मूल बरंचसं बरोबर वाचतं, पण अतिशय हळू, आणि म्हणूनच कुणाच्या लक्षात येत नाही. इंग्रजीत चुका धडाधड दिसतात.

डिचोलीकर काका
शेवटी आलात मुद्द्यावर. हे सगळं माध्यमाचं पाप आहे. १९९० मध्ये गोव्यात ठरलं होतं की प्राथमिकचं अनुदान मातृभाषेतल्या शाळांनाच. २०११ मध्ये इंग्रजीलाही दिलं आणि आमच्या गावातल्या मराठी शाळा ओस पडल्या. ज्या घरात इंग्रजीचा एक शब्द नाही तिथलं पोर 'ए फॉर ॲपल' करतंय. निम्मी मुलं डिस्लेक्सियाची नाहीतच, ती परक्या भाषेत गुदमरलेली आहेत.

काणकोणची बाय
काका, मातृभाषा म्हणता आणि लगेच मराठी म्हणता. गोव्यातल्या बहुतेक घरांत मूल कोंकणी बोलतं. 'म्हाका जाय' म्हणणाऱ्या पोराला पहिल्या दिवशी 'मला पाहिजे' वाचायला लावायचं, आणि नाही वाचलं तर मंद ठरवायचं. आधी त्याच्या तोंडातली भाषा त्याच्या पुस्तकात आणा.

डिचोलीकर काका
आला का १९८७ चा कोंकणी-मराठी राजभाषेचा वाद पुन्हा! आमच्या आज्या ओव्या मराठीत म्हणत, देवळातलं कीर्तन मराठीत, वहिवाटीचे कागद मराठीत. मराठी इथे बाहेरून आलेली नाही. भाषेचा कायदा झाल्यापासून आम्हाला आमच्याच घरात पाहुणे ठरवताय.

काणकोणची बाय
कीर्तन मोठी माणसं ऐकतात. सहा वर्षांचं पोर ज्या भाषेत रडतं त्याबद्दल मी बोलतेय. आणि मला बाहेरची म्हणालं कोण? मीही देवनागरीच वाचते, मराठी वर्तमानपत्र घरी येतं. तुम्हाला प्रत्येक वेळी भांडणच दिसतं.

डिचोलीकर काका
भांडण तुम्ही उकरलंत. मी इंग्रजीविरुद्ध बोलत होतो, तुम्ही बंदूक मराठीवर फिरवलीत. शाळा बंद पडताहेत त्याचं तुम्हाला काही नाही.

तिसवाडीकर
दोघंही थांबा. एका आईने मुलाच्या वाचनाबद्दल लिहिलं आणि तुम्ही राजभाषेवर पोचलात.

फोंड्याची बाई
मी विशेष शिक्षिका आहे, म्हणून या भांडणातलं जे खरोखर कामाचं आहे तेवढं सांगते. डिस्लेक्सिया कुठल्याही माध्यमात असतो, माध्यम बदलून तो जात नाही. पण दोघांचंही अर्धं बरोबर आहे. मुलाला भाषाच ओळखीची नसेल तर वाचनाची अडचण कुठली आणि भाषेची कुठली हे वेगळं करता येत नाही. म्हणून तपासणी त्याच्या भाषेत व्हायला हवी. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली 'डाली' ही चाचणी हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आहे, म्हणजे इंग्रजी परिच्छेद वाचायला देऊन निष्कर्ष काढण्याचं कारण नाही. आणि काका, परक्या भाषेत गुदमरलेलं मूल ती भाषा कानावर पडू लागली की सावरतं. डिस्लेक्सियाचं मूल मातृभाषेतही अडखळतं.

गोव्यातला खरा कडेलोट पाचवीला होतो, त्याबद्दल कुणीच बोलत नाही. चौथीपर्यंत मराठी किंवा कोंकणी, पाचवीपासून बहुतेक सगळीकडे सगळे विषय इंग्रजीत. ज्या मुलाची देवनागरी जेमतेम बसत आलीय त्याच्यापुढे विज्ञान, भूगोल, गणित, सगळं दुसऱ्या लिपीत येतं. आमोण्याच्या ताई, तुमच्याकडे हे वर्ष आहे. इंग्रजीचे आवाज आत्तापासूनच तोंडी सुरू करा.

आता पद्धत. पुस्तक बाजूला ठेवा, आधी कानाने खेळा: 'कमळ'मधला 'क' काढला तर काय उरलं? 'मळ'. 'घर'च्या जागी 'सर' कसं झालं? हे जमल्याशिवाय अक्षराकडे घाई नको. मग बिनकान्याचे शब्द, घर, नळ, गवत. मग फक्त काना: काका, मामा, चारा, राजा. तो पक्का होईपर्यंत वेलांटी आणू नका. पहिली वेलांटी मुलांना छळते, कारण ती अक्षराच्या आधी लिहिलेली दिसते आणि बोलताना नंतर येते. रफार त्याहून वाईट: 'सूर्य' म्हणताना 'र' आधी, पण बसतो 'य'च्या डोक्यावर. हे मुलाला मोकळेपणाने सांगायचं, अक्षर बोटाने वाळूत काढत, तोंडाने म्हणत. भ आणि म, घ आणि ध एकाच आठवड्यात शिकवू नका, आणि 'ख' म्हणजे 'रव' वाचला तर ओरडू नका. रोज वीस मिनिटं पुरतात, पण रोज. तोच छोटा उतारा तीन-चार वेळा मोठ्याने. बाकी गोष्टी, विज्ञान, इतिहास तुम्ही वाचून दाखवा, नाहीतर वाचन अडलं म्हणून त्याचं ज्ञानही अडेल.

रात्रपाळी
बाई, 'कमळ'वालं आत्ता मुलीबरोबर करून बघितलं. तिला नाही आलं. मलाही थांबून विचार करावा लागला.

फोंड्याची बाई
मग दोघं मिळून करा. आधी नुसत्या टाळ्या: 'क-म-ळ', तीन. काढून टाकणं नंतर. ती दुसरीत आहे, अजून वेळ गेलेली नाही. मोठ्या माणसालाही याच क्रमाने शिकता येतं.

सत्तरीचा मास्तर
बाईंनी जो क्रम सांगितला, आधी बिनकान्याचे, मग काना, तो आमच्या जुन्या अंकलिपीतही होता. नवीन काही नाही. पण कानाने आधी खेळायचं हे आम्हाला प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं, एवढं मान्य करतो. शुद्धलेखनाने अक्षर वळणदार होतं यावर मी ठाम आहे. वाचन येतं, हे वाक्य काही मुलांपुरतं मागे घेतो. सगळ्यांपुरतं नाही. आणि रात्रपाळीवाले, छडी मीही मारली आहे. त्यावर इथे जास्त लिहिणार नाही.

आमोण्याची सून
'काही मुलांपुरतं' एवढंच मला हवं होतं मास्तर. बाकीची मुलं कुठल्याही पद्धतीने शिकतात.

मडगावचा बाप
चष्म्याचं सोडलं. पण दाखल्याचं सांगा. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात खेपा घालायच्या, आणि मुलावर 'दिव्यांग' असा शिक्का मारून घ्यायचा, तो कशासाठी? उद्या लग्नाच्या वेळी कुणी विचारेल.

आमोण्याची सून
लग्नाला अवकाश आहे, दहावी त्याआधी येते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत डिस्लेक्सियाही आहे. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट, हे सगळं त्या कायद्यात लिहिलेलं आहे. दाखला नसेल तर मुख्याध्यापकांच्या मर्जीवर राहाल. केंद्राच्या २०१८ च्या सूचनांप्रमाणे तिसरीत किंवा आठव्या वर्षी शिक्षकांनी शाळेतच प्राथमिक चाळणी करायची आहे. आमच्या शाळेने केली नाही, मी विचारल्यावर 'असं काही असतं का' म्हणाले. आता लेखी अर्ज दिला आहे, दुसऱ्या प्रतीवर शाळेचा शिक्का आणि तारीख घेतली आहे. तुम्हीही तोंडी विचारू नका. आणि दाखल्याची वाट बघत शिकवणं थांबवू नका. वीस मिनिटांना कुणाचाच दाखला लागत नाही.

डिचोलीकर काका
अर्ज मराठीत दिलात ना?

काणकोणची बाय
काका!