चावान कपाटात की पेटीत?
जपानी चहासमारंभाचा वाडगा, म्हणजे चावान, कायम काचेच्या कपाटात मांडून ठेवावा असं काही जण सुचवतात. मला ते पटत नाही. जपानमध्ये चांगला चावान एरवी किरी (पाउलोनिया) या झाडाच्या लाकडी पेटीत विसावतो आणि प्रसंगी बाहेर येतो. किरी वजनाला अगदी हलकं; दमट हवेत किंचित फुगतं, त्यामुळे झाकण आपोआप घट्ट बसतं. काय सुंदर युक्ती आहे! झाकणावर बहुधा कारागिराचा लेख नि शिक्का असतो, म्हणून पेटी हरवली तर वाडग्याची अर्धी ओळखच जाते.

क्योतोच्या दाइतोकुजी या बौद्ध मंदिरातला 'किझाएमोन' वाडगा मूळचा कोरियन, आज जपानचा राष्ट्रीय ठेवा. तोही पेटीतच जपलेला.

राकू वाडगा, म्हणजे हाताने घडवून कमी आचेवर भाजलेला जपानी मातीचा वाडगा, सच्छिद्र असतो. वापरल्यावर काही दिवस पूर्ण वाळू द्या, मगच पेटीत ठेवा, नाहीतर बुरशी धरेल.