घरात म्हातारं माणूस गेलं की 'वय झालं होतं' म्हणून आपण विचारायचंच सोडून देतो का? (हॅरॉल्ड शिपमन)

स्टॉकपोर्टकर
मी गेली अठरा वर्षं इंग्लंडमध्ये, मँचेस्टरजवळ स्टॉकपोर्टला राहते, शिपमनचं हाइड गाव इथून गाडीने वीसेक मिनिटं. मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या एक आजी घरीच गेल्या, खुर्चीत बसल्या बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीला मेडिकल एक्झामिनरच्या (मृत्यूचा कागद तपासणारा, उपचारांशी संबंध नसलेला डॉक्टर) ऑफिसातून फोन आला की आईच्या आजारपणाबद्दल, जाण्याबद्दल तुमच्या मनात काही शंका आहे का. ती मला म्हणाली, आधी राग आला आणि मग रडूच फुटलं, की कुणीतरी विचारलं तरी.

हा फोन येतो तो शिपमनमुळे. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. डॉ. हॅरॉल्ड शिपमन हाइडचा फॅमिली डॉक्टर, घरी व्हिजिटला येणारा, लोक त्याच्याकडे नंबर लागावा म्हणून थांबायचे. तो घरी यायचा, डायमॉर्फिन, म्हणजे दुखण्यावर औषध म्हणून वापरलं जाणारं हेरॉइनच, टोचायचा आणि मग स्वतःच सर्टिफिकेट लिहायचा. जानेवारी २००० मध्ये प्रेस्टनच्या कोर्टात १५ खून सिद्ध झाले, पण नंतर न्यायाधीश डेम जॅनेट स्मिथ यांच्या सरकारी चौकशीत २१५ निघाले, १७१ बायका आणि ४४ पुरुष, आणि एकूण आकडा २५० च्या आसपास असावा असं त्यांनी म्हटलं. बहुतेक सगळे वयस्कर, बरेचसे एकटे राहणारे, आणि गेले ते स्वतःच्या घरात, अंगावर रोजचे कपडे, समोर टीव्ही चालू.

एवढी वर्षं चाललं कसं? कारण प्रत्येक घरात तेच बोललं गेलं, वय झालं होतं, सुटली बिचारी.

माझी आजी २०११ ला साताऱ्याला गेली. डॉक्टर आले, दारात चपला काढल्या, नाडी बघितली, डोळ्यात टॉर्च मारला आणि लेटरपॅडवर 'कार्डिओ रेस्पिरेटरी अरेस्ट' लिहून दिलं. सगळं मिळून चार मिनिटं. हृदय आणि श्वास बंद पडला हे कुठल्याही मेलेल्या माणसाबद्दल लिहिता येतं, ते कारण नव्हेच. दोन तासांत आम्ही स्मशानात होतो. डॉक्टर सज्जन होते, त्यांच्यावर माझा काडीचा संशय नाही. पण ते सज्जन नसते तर आम्हाला कधी कळलं असतं? शिपमन सापडला तो शेवटच्या बाईंना पुरलं होतं म्हणून, बाहेर काढून तपासता आलं. आपल्याकडे त्याच संध्याकाळी राख होते. म्हणून माझं मत, घरी झालेल्या प्रत्येक मृत्यूचा कागद दुसऱ्या, संबंध नसलेल्या डॉक्टरने बघितलाच पाहिजे. इकडे ९ सप्टेंबर २०२४ पासून तसा कायदा आहे. आपल्याकडे का नको?

गावचा_डॉक्टर
ताई, मी तालुक्याच्या गावाला ३१ वर्षं प्रॅक्टिस करतोय, तुम्ही वर्णन केलेला तो चार मिनिटांचा डॉक्टर मीच समजा. राग नाही आला, पण उत्तर द्यावंसं वाटलं.

रात्री दोनला फोन येतो, म्हातारा आठ महिने अंथरुणाला खिळलेला, मी दर आठवड्याला बघतोय, मला माहितीये तो कशाने गेला. घरात वीस माणसं जमलेली, मुंबईचा मुलगा निघालाय, भटजींना निरोप गेलाय. तिथे 'दुसरा डॉक्टर कागद बघेल मग उचला' असं मी म्हटलं तर तो दुसरा डॉक्टर आणायचा कुठून? ग्रामीण रुग्णालयात त्या रात्री एकच मेडिकल ऑफिसर असतो आणि तो डिलिव्हरीत अडकलेला असतो.

दोनदा मी सर्टिफिकेट नाकारलंय. एकदा पायऱ्यांवरून पडलेली बाई होती, डोक्याला मार. मी म्हटलं पोलिसांना कळवा. पंचनामा झाला, पोस्टमॉर्टेम झालं, त्यात काही निघालं नाही आणि त्या घराने मला पुढची सहा वर्षं नमस्कार केला नाही. आमच्या आईची चिरफाड केलीस म्हणाले. मी बरोबर होतो असं मला आजही वाटतं, पण हे रोज करा म्हणाल तर माझ्यासारखे लोक घरी जाणंच बंद करतील. 'हॉस्पिटलला न्या' म्हणतील आणि म्हातारी माणसं आयसीयूत नळ्या लावून मरतील. एका राक्षसापायी सगळ्या डॉक्टरांवर पहारा बसवणं मला पटत नाही.

प्लेनोवाला
राक्षस एकच असता तर डॉक्टरांचं म्हणणं मान्य केलं असतं. मी टेक्सासला प्लेनोत राहतो. इथे बिली चेमिरमिर नावाचा माणूस ज्येष्ठांच्या अपार्टमेंटमध्ये मेंटेनन्सवाला आहे असं सांगून आत शिरायचा, तोंडावर उशी दाबायचा आणि दागिने घेऊन जायचा. २०१८ च्या मार्चमध्ये ९१ वर्षांच्या एक बाई त्यातून वाचल्या म्हणून तो पकडला गेला, नंतर २२ खुनांचे आरोप लागले, २०२२ मध्ये दोन खटल्यांत जन्मठेप झाली आणि २०२३ ला तुरुंगातच त्याला कैद्याने मारलं. तो डॉक्टर नव्हता, कुणाचा विश्वासू नव्हता, तरी बहुतेक घरांत आधी नैसर्गिक मृत्यू असंच लिहिलं गेलं. बोटातली अंगठी गेलीय हे मुली सांगत होत्या आणि कुणी ऐकत नव्हतं. चाळीस वर्षांची बाई अशी सापडली असती तर पोलिसांनी घर सील केलं असतं. ऐंशीची होती म्हणून चादर ओढली आणि झालं. स्टॉकपोर्टकर म्हणतात तेच खरं, वय हीच त्याची पळवाट होती.

कोथरूडची_लेक
मी डॉक्टरांच्या बाजूने. माझ्या आईला कॅन्सर होता, शेवटचे पाच महिने घरी होती, तिचीच इच्छा. मॉर्फिन मिळवताना काय हाल झाले ते मीच जाणते. केमिस्ट ठेवत नाहीत, डॉक्टर लिहायला घाबरतात, एक जण मला म्हणाला सवय लागेल. जिला दीड महिना राहिलाय तिला सवय लागेल! १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याने सगळे इतके घाबरलेत की २०१४ ला तो सैल केला तरी भीती गेली नाही. आता त्यात शिपमनचं भूत आणून बसवलं तर कुणीच दुखण्यावर औषध देणार नाही.

शेवटी एक डॉक्टरीण मिळाल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी मला दोनशे पानी वही आणायला लावली. किती वाजता कुठली गोळी, किती मिलिग्रॅम, कुणी दिली, सगळं त्यात. रिकाम्या स्ट्रिपा ओट्यावरच्या स्टीलच्या डब्यात टाकायच्या, फेकायच्या नाहीत, दर आठवड्याला त्या येऊन मोजणार. आईला गिळणं जमेना तेव्हा इंजेक्शन सुरू झालं, तर फुटकी अँप्यूलसुद्धा त्या डब्यात. आई गेली त्या रात्री त्यांनी उरलेल्या गोळ्या माझ्यासमोर मोजल्या, वहीत आकडा लिहिला, माझी सही घेतली आणि परत घेऊन गेल्या. मला तेव्हा वाटलं होतं एवढं काय आत्ता. वही अजून माझ्या कपाटात आहे. हा माझ्यावर किंवा त्यांच्यावर संशय नव्हता, काम नीट करणं होतं. वरून चौकश्या लादण्यापेक्षा असे डॉक्टर हवेत.

स्टॉकपोर्टकर
@कोथरूडची_लेक, तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं. शिपमन नेमकं याच्या उलट करायचा! कॅन्सरचे पेशंट गेले की त्यांच्या घरात उरलेलं डायमॉर्फिन 'मी नष्ट करतो' म्हणून खिशात घालायचा. मी असली औषधं बाळगतच नाही असं सांगायचा, त्यामुळे रजिस्टरच नाही, आणि मोजणारं तर कुणीच नाही.

आणि @गावचा_डॉक्टर, तुम्ही नाकारलंत ना दोनदा, म्हणजे प्रश्न पडल्यावर थांबायला हवं हे तुम्हालाही मान्य आहे. १९९८ च्या मार्चमध्ये इथल्या एका डॉक्टरलाही असाच प्रश्न पडला होता. डॉ. लिंडा रेनॉल्ड्स, शिपमनच्या समोरच्या दवाखान्यात. दहनाच्या कागदावर दुसरी सही त्यांच्याकडे यायची. त्यांच्या दवाखान्यात पेशंट तिप्पट आणि तरी मृत्यू शिपमनकडे जास्त. त्या कॉरोनरकडे (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी) गेल्या, पोलिसांनी चौकशी केली, पण काय केली तर त्याचा जुना रेकॉर्डही बघितला नाही. १९७६ ला त्याला पेथिडीन या नशा आणणाऱ्या वेदनाशामकासाठी खोट्या चिठ्ठ्या लिहिल्याबद्दल दंड झालेला होता! महिन्याभरात फाइल बंद. त्यानंतर आणखी तीन बायका गेल्या.

विदा_हवा
इथे तुमचाच युक्तिवाद तुमच्यावर उलटतो. दुसऱ्या डॉक्टरची सही तिथे आधीपासून होतीच. वर्षानुवर्षं लोकांनी सह्या केल्या, पैसे घेतले, इंग्लंडमध्ये डॉक्टर लोक त्या फीला 'ॲश कॅश', राखेचे पैसे, म्हणायचे. म्हणजे दहनाचे कागद दोघांनी बघूनही माणसं वाचली नाहीत. आपल्याकडे तर दुसरी सही शंभर रुपयाला घरपोच मिळेल.

आकड्यांवर लक्ष ठेवा म्हणाल तर तेही सोपं नाही. शिपमनच्या पेशंटच्या मृत्यूच्या वेळांचा आलेख प्रसिद्ध आहे, इतर डॉक्टरांचे पेशंट चोवीस तासांत कधीही जातात आणि याचे दुपारी दोनच्या सुमारास, म्हणजे याच्या व्हिजिटच्या वेळेला. तो आलेख बघून अंगावर काटा येतो. पण नंतर तसाच मृत्यूंचा हिशोब बाकीच्या डॉक्टरांना लावून बघितला तेव्हा आकडा वर गेलेल्यांत असेही निघाले की ज्यांच्याकडे वृद्धाश्रमातले पेशंट जास्त होते किंवा जे पेशंटला शेवटी घरीच राहू द्यायचे. चांगलं काम करणारा आधी जाळ्यात. आणि आपल्याकडे आकडा काढणार कशावरून? सगळ्यांच्या कागदावर कार्डिओ रेस्पिरेटरी अरेस्टच आहे.

पेशंटची_ताई
मी घरी जाऊन पेशंट सांभाळते, ब्यूरोतर्फे, बारा तासांची ड्यूटी, नऊ वर्षं झाली. तुम्ही सगळे डॉक्टरांचं बोलताय पण संशय आला की पहिली आमची बॅग उघडतात. मागच्या वर्षी एक आजोबा पहाटे गेले, मीच बघितलं, मीच घरच्यांना उठवलं, आणि सूनबाईंनी डॉक्टरांना फोन करायच्या आधी कपाटाची चावी शोधली. काही गेलं नव्हतं. मी आजोबांना शेवटची आंघोळ घातली नि घरी आले, दोन दिवस जेवण गेलं नाही.

पण मला विचाराल तर कुणीतरी विचारावं असंच मला वाटतं. कारण आम्हाला दिसतं ते कुणालाच दिसत नाही. कुणाच्या दंडावर वळ असतो, कुणाला जेवण कमी देतात, कुणाची झोपेची गोळी वाढते. ब्यूरोत सांगितलं तर म्हणतात गप्प बस नाहीतर ड्यूटी जाईल. आजपर्यंत एकाही माणसाने मला विचारलं नाही की ताई तुम्ही काय बघितलं.

प्लेनोवाला
@पेशंटची_ताई, हाइडमध्ये एक टॅक्सीवाला होता. म्हाताऱ्या बायकांना बाजारात, दवाखान्यात सोडायचा. त्याची एकेक गिऱ्हाईकं जायला लागली आणि सगळ्यांचा डॉक्टर एकच. त्याने नावं लिहून ठेवली होती, पण टॅक्सीवाल्याचं डॉक्टरविरुद्ध कोण ऐकणार म्हणून वर्षानुवर्षं गप्प राहिला. तुमचं वाचून तो आठवला.

गावचा_डॉक्टर
ताईंच्या पोस्टनंतर थोडा वेळ काही लिहावंसं वाटलं नाही. मी माझ्या पेशंटकडच्या बाईला कधी विचारलंय का असं आठवून बघितलं. औषधं दिलीस का हे विचारलंय. तू काय बघितलंस हे नाही विचारलं.

तरी कायद्याला माझा विरोध आहे, तो मागे घेत नाही. आपल्याकडे कायदा आला की एक फॉर्म येतो आणि फॉर्मबरोबर एक टेबल आणि टेबलावर हात पुढे. आजही घरच्या मृत्यूसाठी फॉर्म ४ अ आहेच की, कारण नीट लिहायला त्यात जागाही आहे, तो न भरता लेटरपॅडवर भागवलं जातं. आधी आहे तो फॉर्म भरायला शिकवा. त्या वहीला माझी हरकत नाही, प्रत्येक अंथरुणाजवळ ठेवा. पण ज्याला मारायचंच आहे तो वहीतही खोटं लिहील. शिपमनने कॉम्प्युटरवर लिहिलंच होतं ना?

स्टॉकपोर्टकर
लिहिलं होतं, आणि त्यातच अडकला. बाई गेल्यावर दवाखान्यात जाऊन त्यांना आधीपासून हार्टचा त्रास होता अशा जुन्या तारखा टाकून नोंदी घातल्या, पण खरी नोंद कधी केली ती वेळ हार्ड डिस्कमध्ये राहिली. मात्र ती डिस्क कुणी उघडली कधी? शेवटच्या बाई ८१ वर्षांच्या, हाइडच्या माजी मेयरच्या पत्नी, त्यांचं खोटं मृत्युपत्र त्याने स्वतःच्या टाइपरायटरवर केलं आणि त्यांची मुलगी निघाली वकील. आईचं आधीचं मृत्युपत्र तिच्याच ऑफिसात होतं. तिने तो गचाळ टाइप केलेला कागद बघितला आणि म्हणाली, माझी आई असं लिहिणार नाही. त्याआधी याच मुलीने पोस्टमॉर्टेम करायचं का असं विचारलं होतं आणि तो म्हणाला होता, गरज नाही, मी सकाळीच बघून आलोय.

डॉक्टर, तुमचा विरोध मला कळतो. फॉर्म राहू दे, कायदाही राहू दे. पण त्या वीस माणसांतल्या एकाने तुम्हाला पायरीवर थांबवून 'नेमकं कशाने गेली' विचारलं तर तुम्हाला वाईट वाटेल का, एवढंच सांगा.

गावचा_डॉक्टर
नाही वाटणार. एकतीस वर्षांत तिघा-चौघांनी विचारलं असेल. सगळ्या मुलीच होत्या.