मिझुरीत वसंतातली टर्कीची शिकार: बारा बोअर, डिकॉय आणि बसायची जागा

कराडकर_७८ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात अमेरिकेत, मिझुरीच्या दक्षिण भागात मेहुण्यांकडे चाललोय. शेजारच्या शेतकऱ्याच्या खासगी रानात रानटर्कीला बसायचं ठरलंय. व्हिसा बी-१/बी-२. गावाकडे पीक संरक्षणाचा परवाना आहे आणि बारा बोअरची दुनळी आहे, त्यामुळे बंदुकीची ओळख आहे. पण पक्ष्याला आवाजाने बोलवायचं आणि डिकॉयसमोर, म्हणजे नकली पक्ष्यासमोर, आणून मारायचं, हा प्रकार अगदी नवा. तिकडे मेहुण्यांची पंप-अ‍ॅक्शन बारा बोअर वापरायची आहे, २८ इंची नळी. काडतूस कोणतं घ्यावं, किती अंतरापर्यंत मारावं, डिकॉय कुठे आणि कसे रोवावेत? आणि निघायला दोन महिने आहेत, तर इथे कराडात बसून सराव काय करता येईल? शेतात तित्तर आणि मोर भरपूर आहेत, त्यांच्यावर आवाज करून बघितला तर चालेल का?

वारणाकाठ

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही, मोर-तित्तरांच्या मागे लागू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने दोन्ही संरक्षित आहेत, आणि पीक संरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. पहाटे मोर झाडावरून कधी उतरतो, उतरण्याआधी किती वेळा ओरडतो, हे लांबून ऐका. टर्कीही रात्री झाडावर बसतो आणि उजाडताना उतरतो, त्यामुळे कान तयार होतो. तेवढंच.

आता तुमच्या व्हिसाचं. बी-१/बी-२ वर आलेल्या परदेशी माणसाने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं हा अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. बंदूक उसनी असली तरी तेच. त्याला जे अपवाद आहेत त्यातला तुमच्या उपयोगाचा म्हणजे अमेरिकेतल्या राज्याने दिलेला चालू शिकार परवाना. म्हणून पोचल्यावर पहिलं काम परवाना काढणं. तो खिशात येईपर्यंत कागदाच्या निशाणावर चाचणी घ्यायलाही बंदूक हातात घेऊ नका. बरेच जण चुकतात ते नेमकं इथे. पाहुणा आला की उत्साहात पहिल्याच दिवशी बंदूक त्याच्या हातात दिली जाते.

मिझुरीत १ जानेवारी १९६७ किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकारी-शिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर शिकाऊ परवानगी घेऊन, प्रमाणपत्र असलेल्या प्रौढ शिकाऱ्याच्या अगदी जवळ बसून शिकार करता येते. मेहुण्यांकडे प्रमाणपत्र आहे ना, हे आत्ताच विचारून ठेवा. दाणे टाकलेल्या जागी बसता येत नाही, आणि दाणे पूर्ण उचलल्यावरही १० दिवस ती जागा बाद धरतात. शेतकऱ्याने हरणांसाठी मका टाकलाय का, याची चौकशी करा. इलेक्ट्रॉनिक आवाज चालत नाही. छर्रा ४ नंबर किंवा त्याहून बारीक हवा (नंबर मोठा तसा छर्रा बारीक). वसंतात फक्त नर किंवा दाढी दिसणारा पक्षी मारायचा. छातीवर केसांचा झुपका लोंबतो ती दाढी. मारलेल्या पक्ष्याची नोंद त्याच दिवशी रात्री १० च्या आत करायची.

मिरज_ओझार्क

वारणाकाठ यांनी कायद्याचं नीट सांगितलंय. मी बंदूक आणि डिकॉयचं सांगतो.

टर्कीच्या अंगावर मारत नाहीत. पिसांचा थर, छातीचं जाड मांस आणि मोठं हाड यांत छर्रे अडकतात, आणि पक्षी जखमी होऊन निघून जातो. छर्रे डोक्यात आणि मानेच्या मणक्यांत बसले पाहिजेत, म्हणून छर्ऱ्यांचा थवा दाट हवा. ३ इंची काडतूस पुरे. साडेतीन इंचीचा दणका खांद्याला बसतो आणि माणूस चाप ओढतानाच डोळे मिटतो. शिशाचे ५ नंबरचे छर्रे घ्या. पावणेदोन औंसाच्या काडतुसात साधारण ३०० येतात. नळीच्या तोंडाला टर्कीचा खास चोक, म्हणजे तोंड आवळणारी आट्यांची नळकांडी, लावा, शिशासाठी ०.६६० इंचाच्या आसपासचा. चोकचे आटे त्याच बंदुकीचे हवेत, आणि दर दोन-तीन बारांनंतर तो घट्ट आहे का ते बघा. ढिल्या चोकमुळे नळीचं तोंड फाटतं.

चाचणी अशी घ्या. आधी साधी हलकी काडतुसं वापरून २० यार्डांवर नेम कुठे लागतो ते पाहा. मग टर्कीची काडतुसं घेऊन ४० यार्डांवर, म्हणजे साधारण ३७ मीटरवर, मोठ्या कागदावर बार करा. थव्याच्या मध्यावर १० इंच व्यासाचं वर्तुळ काढा आणि आतली भोकं मोजा. १०० च्या पुढे भरली तर चोक-काडतुसाची ती जोडी ४० यार्डांची. ६०-७० च भरत असतील तर तुमची मर्यादा ३० यार्ड, आणि रानात ती मोडायची नाही. दुसऱ्या कंपनीचं काडतूस त्याच चोकमधून अगदी वेगळं पडू शकतं, म्हणून चाचणीचं आणि शिकारीचं काडतूस एकच ठेवा. टंगस्टनच्या ९ नंबरच्या छर्ऱ्यांची घनता १८ च्या आसपास, शिशाची ११. ते आणखी लांब जातात, पण महाग आहेत आणि पहिल्या वेळेला गरज नाही. चाचणी बसूनच घ्या, कारण मारायचंय ते बसून. मान जिथे पिसांत शिरते तिथे माशी (नळीच्या टोकाचा नेमाचा मणी) धरा. सर्वांत जास्त चुकतं ते गाल दस्त्यावरून उचलल्यामुळे. पक्षी नीट दिसावा म्हणून डोकं वर येतं आणि बार वरून जातो. दुसरी चूक १२-१५ यार्डांवर होते. तिथे थवा मुठीएवढाच असतो, जरा हललं की साफ हुकतं.

आता डिकॉय. एक मादी आणि एक जेक, म्हणजे वर्षाचा कोवळा नर, एवढे बास. तुमच्यापासून १८ ते २० पावलांवर रोवा. ३५ वर रोवू नका, कारण संशयी नर डिकॉयच्या अलीकडे-पलीकडे १०-१५ यार्ड थांबतो. डिकॉय २० वर असेल तर तो थांबला तरी बहुधा टप्प्यात असतो. जेकचं तोंड तुमच्याकडे करा. मोठा नर त्याच्याशी भिडायला तोंडासमोर येतो, म्हणजे त्याची पाठ तुमच्याकडे होते, आणि पिसारा उभा असेल तर मागचं त्याला दिसत नाही. बंदूक सरळ करायची ती तेव्हाच. मादी जेकच्या पुढे दोन-तीन फुटांवर, मान खाली, चरत असल्यासारखी. मान ताठ केलेली मादी म्हणजे धोक्याची खूण, तिला बघून नर परत फिरतो. वाऱ्यात डिकॉय गरागरा फिरतो. शेपटीच्या दोन्ही बाजूंना एकेक काटकी रोवली की तो थोडाच डुलतो आणि खरा वाटतो. हंगामाच्या उत्तरार्धात मार खाल्लेले दोन वर्षांचे नर जेक बघून बिचकतात. तेव्हा नुसती मादी ठेवा.

उजव्या हाताने मारत असाल तर डावा खांदा डिकॉयकडे करून बसा, नळी डाव्या गुडघ्यावर. तसं बसलं की डावीकडे लांबपर्यंत वळता येतं, उजवीकडे मात्र फारच थोडं. टर्कीला वासाचं फारसं कळत नाही, पण नजर विलक्षण, रंगही दिसतात. हातमोजे आणि तोंडावर जाळी हवीच. सगळी मांडणी करायची ती शेवटच्या मिनिटाला हलावं लागू नये म्हणून.

माणदेशी

मिरजकर, जागेचं राहिलं. कराडकर, पाटणकडच्या डोंगरसोंडा डोळ्यांपुढे आणा. ओझार्कमध्येही, म्हणजे दक्षिण मिझुरीच्या डोंगराळ भागात, तशाच सोंडा, उंचीने कमी आणि ओक-हिकरीच्या झाडीच्या. नर सोंडेवरून चढून किंवा सपाटीने सहज येतो. उतारावरून खाली बोलावणं अवघड. म्हणून त्याच्या पातळीला किंवा थोडं वर बसा. मधे ओढा किंवा तारेचं कुंपण नको, तो तिथेच अडतो.

आदल्या संध्याकाळी घुबडाचा किंवा कावळ्याचा आवाज काढला की झाडावर बसलेला नर दचकून गॉबल करतो (नराची आरोळी), जागा कळते. पहाटे उजाडायच्या पाऊण तास आधी, टॉर्च न लावता, त्याच्यापासून १००-१५० यार्डांवर जाऊन बसा. तो झाडावर असताना मादीचा हलका आवाज एक-दोनदाच. जास्त बोललात तर मादी आपल्याकडे येणार समजून तो फांदीवरून उतरतच नाही.

सरावाला इथूनच सुरुवात करता येईल. कॉल म्हणजे मादीचा आवाज काढायचं साधन; त्यात लाकडी बॉक्स कॉल सर्वांत सोपा. झाकणाला तेल-मेण नसलेला खडू लावायचा, ओल लागली की तो मुका होतो. पाटीच्या दगडाचा कॉल असेल तर पृष्ठभाग बारीक पॉलिश पेपरने घासून खरखरीत ठेवा. तोंडातला पडद्याचा कॉल टाळूला चिकटवून वापरतात. दोन महिने रोज दहा मिनिटं दिलीत तर जमेल, आणि बंदुकीवर दोन्ही हात असताना आवाज काढता येईल. वापरून झाला की पडद्यांमध्ये टूथपिक घालून वाळवा, नाहीतर ते एकमेकांना चिकटतात.

कराडकर_७८

फार उपयोगी. एकच विचारतो. नर ६०-७० यार्डांवर येऊन नुसता पिसारा फुलवून फिरत राहिला तर?

माणदेशी

हे होणारच, कारण निसर्गात मादी नराकडे जाते. आवाज वाढवू नका. पूर्ण गप्प बसा, वीस मिनिटं, अर्धा तास. मेहुणे सोबत असतील तर तुम्ही बंदूक घेऊन तिथेच राहा. ते आडोशाने ४०-५० यार्ड मागे सरकतील आणि पाठ फिरवून हलका आवाज देतील. मादी निघून चालली असं वाटून तो पुढे येतो. माद्या सोबत असतील तर सकाळी बहुधा येत नाही. ९ ते ११ च्या सुमारास माद्या अंड्यांकडे जातात, तेव्हा एकटा पडलेला नर आवाजाला चटकन उत्तर देतो. पहाटे नाही जमलं म्हणून उठून जाऊ नका.

पिसारा फुलवलेला असताना मान आखडलेली असते. तोंडाने एक क्लक (मादीचा तुटक आवाज) करा, तो मान वर करतो, तेव्हा मारा. मागे दुसरा पक्षी नाही हे बघूनच.

वारणाकाठ

सुरक्षिततेचं राहून गेलं. कपड्यांत लाल, पांढरा, निळा रंग कुठेही नको, मोजा किंवा रुमालसुद्धा नको; नराच्या डोक्याचे रंग तेच. पाठीमागचं झाड खांद्यांपेक्षा रुंद असावं. डिकॉय नेता-आणताना पिशवीत पूर्ण झाकून, वर नारिंगी पट्टी. रानात गॉबल ऐकून त्या दिशेने लपत जायचं नाही, कदाचित दुसराच शिकारी आवाज करत असेल. कोणी येताना दिसला तर हात हलवू नका, मोठ्याने बोला.

गोचिडांचं मनावर घ्या. लोन स्टार गोचीड तिकडे भरपूर, तिच्या चाव्याने मटणाची अ‍ॅलर्जी जडू शकते. आदल्या दिवशी कपड्यांवर पर्मेथ्रिन फवारून वाळवा, अंगावर नाही. घरात मांजर असेल तर ओल्या कपड्यांपासून लांब ठेवा.

मिरज_ओझार्क

बार झाल्यावर लगेच दुसरं काडतूस चढवा, सेफ्टी लावा आणि पटकन पक्ष्याजवळ जा. फडफडत्या पायाला हात लावू नका, नराची नखी खोल लागते. एप्रिलमध्ये दुपारी ऊब असते, म्हणून आतडी लवकर काढून बर्फावर ठेवा. छातीचं मांस पटकन शिजतं. तंगड्यांत कडक शिरा असतात. त्या कुकरला पाऊण तास शिजवून मांस सोडवा आणि मगच मसाल्यात घाला.